सॉकेट एक, यादी मोठी

अगं, तुझी यादी वाचली. परवा बाबांना डिस्चार्ज मिळतोय, तू गाडी घेऊन नागपुरात रामदासपेठेत येणार, आणि इथून यवतमाळपर्यंतच्या दीडशे किलोमीटरच्या वाटेवर गाडीच्या लायटर सॉकेटला काय काय लावायचं ते तू लिहून पाठवलंस. दोन मोबाइल, डॅशकॅम, पिल्लूसाठी क्लिपचा पंखा, बाबांचा नेब्युलायझर, इन्सुलिनसाठी गाडीतला फ्रिज, टायरमध्ये हवा भरायचा पंप, आणि सगळ्यात खाली, प्रश्नचिन्हासह, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. शिवाय ‘एकाचे तीन करणारा जोड आणलाय, होईल ना ताई?’

नाही होणार, बाई. यातल्या जवळजवळ निम्म्या वस्तू त्या सॉकेटवर चालवायच्याच नाहीत, आणि ज्या चालवायच्या त्याही सगळ्या एका वेळी नाहीत. इतकी वर्षं पोरांना इलेक्ट्रिकल शिकवते आहे. घरच्या वायरिंगला जपणारी शहाणी माणसंसुद्धा गाडीत बसली की बारा व्होल्टला खेळणं समजतात. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण आग लागते. तार तापते ती करंटमुळे, आणि व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. घरी शंभर वॅटच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. गाडीत त्याच शंभर वॅटला आठ अँपिअरच्या वर लागतात.

मुळात ते सॉकेट तुझ्या फ्रिजसाठी किंवा पंपासाठी जन्मलेलंच नाही. गेल्या शतकात अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये सिगार-सिगारेट पेटवायला ते बसवलं गेलं. आतली गुंडाळी दाबायची, ती दहा-पंधरा सेकंदांत लाल व्हायची आणि टक्‌ करून आपोआप बाहेर यायची. म्हणजे काम होतं काही सेकंदांचं. आता बहुतेक गाड्यांत लायटर मिळतही नाही, पण ते भोक राहिलं आणि आपण त्याच्यावर तासन्‌तास वस्तू चालवतो. आतली रचना पाहिलीस तर गोष्ट लगेच कळेल. तळाशी मधोमध एक टेकू आहे, तो पॉझिटिव्ह. भोवतीची सगळी धातूची भिंत निगेटिव्ह. पिन आत घातली की तिचं टोक स्प्रिंगच्या जोरावर तळाला टेकतं आणि दोन बाजूंच्या पट्ट्या भिंतीला घासून राहतात. बस्स, एवढाच आधार. घरच्या सॉकेटमध्ये पिना घट्ट धरल्या जातात, तसं इथे काहीच नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी पिन हळूहळू वर सरकते, आणि बुटीबोरीपर्यंत चांगला चालणारा चार्जर वर्ध्याजवळ कधी लागतो, कधी सुटतो.

हे लागणं-सुटणं लोक फार सहज घेतात. पिन हलवतात, थोडी दाबतात, चार्जिंगची खूण दिसली की गाडी पुढे. पण खरा धोका तिथेच आहे. समज, टेकलेल्या जागी फक्त एक दशांश ओहमचा विरोध तयार झाला आणि त्यातून दहा अँपिअर जात आहेत. त्या नखाएवढ्या जागेवर दहा वॅट उष्णता सतत तयार होत राहते, तीही प्लास्टिकच्या बंद नळीत. म्हणून एक सवय लावून घे. काहीही मोठं लावल्यावर दहा मिनिटांनी, बाजूला थांबून, पिन हाताने बघ. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर वस्तू बंद कर, पिन थोडी गार होऊ दे आणि मग काढून नीट पाहा. टोकाशी तपकिरी डाग, पट्ट्यांवर काळपटपणा, प्लास्टिकची कड जराशी वितळून आत वळलेली, यातलं काहीही दिसलं तर ती पिन कचऱ्यात. घासून-पुसून परत लावायची नाही.

आणखी एक बारकं काम. बहुतेक चांगल्या पिनांच्या टोकाला एक कडं असतं, ते फिरवलं की उघडतं. आत काचेचा छोटा फ्यूज, त्याच्यामागे स्प्रिंग, पुढे धातूचं टोक. हे कडं सैल झालेलं असलं की पिन ओढताना कडं आणि टोक आत राहतात आणि आपल्या हातात नुसतं धड येतं. अशा वेळी चिमटा घेऊन सॉकेटमध्ये घुसू नकोस. चिमट्याने मधला टेकू आणि भिंत जोडली की झाला शॉर्ट. आधी गाडी बंद कर, त्या सॉकेटचा फ्यूज काढ, मग टोक काढ. पिल्लूच्या हाताला लागेल अशा जागी सॉकेट असेल तर त्याचं झाकण कायम लावलेलं असू दे. पार्किंगची सुटी चिल्लर त्याच कप्प्यात टाकायची तुझी सवयही सोड, कारण नाणं आत बरोबर बसतं.

आता हिशेब. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना बाराने भाग, अँपिअर मिळतात. मग गाडीचं मॅन्युअल उघड. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत सॉकेटच्या झाकणावरच १२ व्होल्ट, १२० वॅट असं छापलेलं असतं. म्हणजे दहा अँपिअर. काही गाड्यांत पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १८० वॅट. हा आकडा संपूर्ण सॉकेटचा आहे. तुझ्या त्या जोडाला तीन तोंडं आहेत म्हणून गाडीने तिप्पट दिलं असं होत नाही. तीन तोंडांचा सगळा भार त्याच एका टेकूवरून आणि त्याच एका तारेतून येतो. मी स्वतः तासन्‌तास चालणारा भार शंभर वॅटच्या पुढे जाऊ देत नाही, मग झाकणावर काहीही छापलेलं असो.

फ्यूज बॉक्स बहुतेक स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याच्या आसपास सापडेल. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, ‘सिगार’ किंवा ‘सॉकेट’ असं शोध. तिथेच बऱ्याचदा फ्यूज ओढायचा छोटा प्लास्टिकचा चिमटा आणि एक-दोन जादा फ्यूज खोचलेले असतात. लाल म्हणजे दहा अँपिअर, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. प्रत्येक रंगाचा एकेक जवळ ठेव, पण जागेवर तोच रंग घाल जो आधी होता. हे मी फार गंभीरपणे सांगतेय. दहाचा उडतो म्हणून वीसचा घालणारे, किंवा फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळणारे मेकॅनिक आपल्या विदर्भात रस्त्याच्या कडेला हवे तेवढे भेटतात आणि ‘काही होत नाही मॅडम’ म्हणतात. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. दहा अँपिअरसाठी बसवलेल्या तारेतून वीस गेले तर फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डच्या मागे, जिथे तुझा हात पोचत नाही, तिथे तार तापते. फ्यूज एकदा उडाला तर आधी सगळं काढ, कारण शोध, मग बदल. लगेच दुसराही उडाला तर सॉकेट विसरून जा आणि घरी पोच. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर म्युझिक सिस्टिमही असते, तीही बंद पडेल, पडू दे.

तुझ्या यादीतलं सोपं आधी संपवते. मोबाइलला कितीसं लागतं? दोन तोंडांचा एक चांगला चार्जर घे, दोन्ही फोन त्यावर. सीताबर्डीच्या फूटपाथवर शंभर रुपयांत मिळतो तो नको. त्यात ना फ्यूज, ना तापल्यावर बंद होण्याची सोय, आणि गाडीत साडेतेरा-चौदा व्होल्ट येतात ते निमूट सहन करण्याची ताकदही नसते. डॅशकॅम पाच-सात वॅटचा, चालेल. फक्त गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर काचेवरून काढून ठेव, कारण लिथियमची बॅटरी असलेला कॅमेरा नागपूरच्या मे महिन्यात फुगतो. पंखाही दहा-पंधरा वॅटचा, तो लाव. त्याची वायर गिअरपासून आणि तुझ्या पायांपासून लांब, सीटच्या कडेने ने. ब्रेकखाली पिन किंवा चार्जर अडकला तर सगळे हिशेब बाजूला राहतील. आणि सेल्फ मारताना सॉकेटला काहीही लावलेलं नको. त्या क्षणी व्होल्ट खाली जातात आणि मग झटक्याने वर येतात. आधी गाडी सुरू, मग पिना.

हवेचा पंप शंभर-दीडशे वॅट सहज ओढतो. म्हणून झाकणावरच्या आकड्यात बसत असेल तरच तो लाव, आणि तेव्हा बाकी सगळं काढलेलं, इंजिन चालू, गाडी मोकळ्या जागी. पंपाच्या कागदावर सलग किती मिनिटं चालवायचा ते लिहिलेलं असतं, तेवढाच चालव आणि मग विश्रांती दे. निघायच्या आदल्या दिवशी पेट्रोल पंपावर चारही टायर आणि स्टेपनीची हवा भरून घे, म्हणजे याची वेळच येणार नाही.

आता इन्सुलिन. इथे मी थोडी जास्त बोलणार. ‘१२ व्होल्टचा फ्रिज’ म्हणून जो छोटा डबा मिळतो, त्यात बहुतेक वेळा कॉम्प्रेसर नसतो. त्यात एक चकती असते जी एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होते. असा डबा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पंधरा-वीस अंशांनी आतलं तापमान खाली आणतो. जानेवारीत ठीक. पण परवा पारा ४५ ला असेल, उन्हात उभ्या गाडीत साठच्या पुढे जाईल. साठातून वीस गेले तर उरले चाळीस. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं असतं. तू डबा लावून निर्धास्त बसशील आणि आत औषध खराब होत राहील, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. वर हा डबा सतत चार-पाच अँपिअर खात राहणार.

त्यापेक्षा साधा मोठ्या तोंडाचा चांगला थर्मास घे. बर्फाची पाकिटं जाड कापडात गुंडाळून ठेव, मध्ये इन्सुलिन, बर्फाला थेट टेकणार नाही असं. गोठलेलं इन्सुलिनही फुकट जातं, लक्षात ठेव. चालू असलेलं पेन तर फ्रिजमध्येच हवं असंही नसतं. ते किती अंशांत किती दिवस चालतं हे खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचून घे. पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या मिळतात, त्याही आपल्याकडच्या कोरड्या उन्हात छान काम करतात. पाणी उडतं आणि आतलं गार राहतं, आपल्या कूलरसारखंच. काहीही झालं तरी गाडी उभी करून चहाला उतरलात की ती पिशवी तुझ्या खांद्यावर. गाडीत ठेवायची नाही.

नेब्युलायझरचं बघू. बाबांचं मशीन २३० व्होल्टचं, कॉम्प्रेसरवालं. ते गाडीत चालवायला इन्व्हर्टर लागेल, आणि तू म्हणतेस तसा दीडशे वॅटचा मिळतो हे खरंय. पण इन्व्हर्टर स्वतःही काही खातो, त्यामुळे शंभर वॅटच्या मशीनला सॉकेटमधून नऊ-दहा अँपिअर जातील, म्हणजे फ्यूजच्या अगदी काठावर. स्वस्त इन्व्हर्टरची वीज घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसते, मोटर त्यावर गुरगुरते आणि तापते. आणि त्याच्या तोंडातून जे बाहेर येतं ते खरंखुरं २३० व्होल्ट आहे, पिल्लूच्या सीटशेजारी. ५०० वॅटचा इन्व्हर्टर तर सॉकेटला लावायचाच नाही, त्याला चाळीसच्या वर अँपिअर लागतात.

यावर उपाय विजेचा नाहीच, वेळेचा आहे. रस्ता तीन-साडेतीन तासांचा. निघण्याआधी वॉर्डातच नेब्युलायझेशन देऊन घ्या, सिस्टरला मी सांगून ठेवते. वाटेत लागलंच तर काय, हे डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचार. स्पेसर लावून इनहेलर घ्यायचा की बॅटरीवर चालणारा छोटा मेश नेब्युलायझर ठेवायचा, हे ते सांगतील. मेशवाला काही वॅटचाच असतो, पॉवर बँकवरही चालू शकतो. देवळीला गाडी सावलीत थांबवून दहा मिनिटं देता येईल.

परवाच्या दिवसाची मला आणखी एक भीती आहे. डिस्चार्ज सकाळी सांगतात आणि बिलं, इन्शुरन्स, औषधं होता होता दुपार होते, हे आम्ही रामदासपेठेत राहणारे रोज पाहतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून, छिंदवाडा-बालाघाटहून आलेल्या गाड्या हॉस्पिटलांच्या गल्ल्यांत उभ्या असतात, आत नातेवाईक पंखा आणि मोबाइल लावून बसलेले. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. पंखा दोन तास चालला तर फारसं बिघडत नाही. पण चार अँपिअरचा फ्रिज पाच तास चालला की वीस गेले, आणि उन्हाने आधीच थकलेल्या बॅटरीत सेल्फ फिरवायची ताकद उरत नाही. काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट बंद होतं, काहींत चालूच राहतं. तुझ्या गाडीत काय होतं ते आज रात्री किल्ली काढून आणि चार्जर लावून बघ. चालू राहत असेल तर उतरताना प्रत्येक वेळी पिन काढायची.

आणि बॅटरी वाचवायची म्हणून हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून, काचा लावून बसायचं नाही. बंद जागेत इंजिनाचा धूर साठतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यापेक्षा तू आणि पिल्लू माझ्याकडे येऊन बसा. गाडी आमच्या फाटकात लाव, जेवून घ्या, कागद झाले की मी फोन करते.

राहिला तो प्रश्नचिन्हवाला. तू प्रश्नचिन्ह टाकलंस म्हणजे तुझ्याही मनात शंका आहेच. २०२१ नंतर कितीतरी घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला आणि लोकांना ते मिक्सरसारखं घरगुती यंत्र वाटायला लागलं. बाबांचा पाच लिटरचा आहे. असं मशीन साधारण साडेतीनशे वॅट घेतं. बाराने भाग: एकोणतीस अँपिअर, इन्व्हर्टरचं नुकसान धरलं तर तिशीच्या वर. तुझ्या सॉकेटचा फ्यूज दहाचा, फार तर पंधराचा. मशीन सुरू होताक्षणी तो उडेल, आणि उडाला नाही तर ते त्याहून वाईट. शिवाय ऑक्सिजन, गरम पिन आणि सीटचं कापड एका ठिकाणी आणायचं नसतं. प्रवासासाठीचे खांद्याला अडकवायचे कॉन्सन्ट्रेटर असतात, त्यांना कंपनीचा स्वतःचा कार अडॅप्टर आणि स्वतःची बॅटरी असते. पण ते बाबांना चालतील का, हा डॉक्टरांचा निर्णय, दुकानदाराचा नाही.

डॉक्टरांनी मला काल सांगितलं ते असं की बाबांना ऑक्सिजन रात्री झोपताना लागेल, दिवसा बसून प्रवास करता येईल. परवा सकाळी पुन्हा एकदा तपासून तेच म्हणाले तर तुझ्या गाडीने चला, मशीन डिकीत, बंद. पण वाटेत ऑक्सिजन लागेल असं म्हणाले तर आपण हॉस्पिटलमधूनच अँब्युलन्स ठरवायची, पैशाचा विचार करायचा नाही. माणसाचा श्वास अशा सॉकेटवर सोपवायचा नाही, जे एका खड्ड्याने सुटतं. गाडीने निघालात आणि रस्त्यात त्यांना धाप लागली तर थांबून १०८ लाव. हायवेवर गाडीचंच काही झालं तर १०३३. दोन्ही नंबर फोनमध्ये आजच घालून ठेव.

जळक्या प्लास्टिकचा वास आला तर ‘बाहेरून येत असेल’ म्हणत पुढे जायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद, आधी बाबा आणि पिल्लू बाहेर. धूर बॉनेटमधून येत असेल तर बॉनेट उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. अग्निशमनाची एक किलोची नळी तुझ्या सीटखाली हाताशी असू दे. डिकीत पडलेली काही कामाची नाही. आणि तो दुकानदार म्हणतोय की वायर कापून मागे दुसरं सॉकेट काढून देतो, त्याला नाही म्हण. कधी हवंच असेल तर बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि पुरेशी जाड तार टाकून, कपलरने, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून.

आता तुझ्याकडे आज-उद्याचा दिवस आहे, तर तो तिकडे यवतमाळच्या घरासाठी वापर. बाबांच्या खोलीतलं जे सॉकेट आहे, जिथे रात्री कॉन्सन्ट्रेटर लागणार, ते वायरमनला बोलावून उघडून बघायला सांग. अर्थिंग तपासायला सांग, सैल झालं असेल तर बदलून घे, आणि मशीन एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको, थेट भिंतीत. रात्री लाइट गेली तर म्हणून भरलेला एक सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि नळी आधीच घरात हवी. वायरमन येऊन गेला की मला फोन कर, त्याने काय सांगितलं ते मला त्याच्याच शब्दांत ऐकायचंय.